नॉर्स कथा, जुने सूर आणि लोहाराची भट्टी : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मला या तीन गोष्टींचं वेड आहे हे कळलं की लोक ठरावीक प्रश्न विचारतात. कुणाची सुरुवात थॉरच्या हातोड्यापासून होते, कुणाची तलवारीपासून, कुणाची "पण हे सगळं कशासाठी?" इथून. ते प्रश्न आणि माझी उत्तरं इथे एकत्र ठेवली आहेत.

नॉर्स कथा, मध्ययुगीन संगीत आणि लोहारकाम हे तीन वेगळे छंद आहेत की एकच?

माझ्यासाठी एकच. का, ते एका माणसाच्या गोष्टीतून सांगतो.

नवव्या शतकाच्या अखेरीस नॉर्वेच्या राजाशी वैर पत्करून स्कालाग्रिम नावाचा माणूस आइसलंडला आला आणि बोर्ग या ठिकाणी वसला. तो शेतकरी होता आणि पट्टीचा लोहारही होता. हिवाळ्यात तो खनिजातून लोखंड काढायचा. त्याने समुद्रकाठी लोहारसाळ घातली, पण तिथे सगळी वाळू. ऐरण म्हणून वापरता येईल असा कठीण, सपाट दगड जवळपास मिळेना. मग एका संध्याकाळी तो एकटाच आठ वल्ह्यांची होडी घेऊन बेटांपाशी गेला, पाण्यात बुडी मारली, तळातला एक दगड उचलून होडीत घातला आणि लोहारसाळीच्या दारात आणून टाकला. पुढे तो त्यावरच लोखंड ठोकत राहिला. तेराव्या शतकात त्याच्या मुलाची, एगिलची, सागा (म्हणजे लांबलचक गद्य कथा) लिहिणारा सांगतो की तो दगड अजून तिथेच आहे, भोवती लोखंडाचं कीट, म्हणजे भट्टीत निघणारा मळ, पडलेलं आहे, दगडाचा माथा घाव बसून झिजला आहे आणि आता चार माणसांनाही तो उचलत नाही.

स्कालाग्रिमचे गडी पहाटे उठायला कुरकुर करायचे. त्यावर त्याने कविता रचली: लोखंडातून कमाई करायची तर लोहाराने लवकर उठावं, वाऱ्याला हपापलेला भाता घोंघावत असताना तापल्या धातूवर हातोडा वाजता ठेवावा. म्हणजे गोष्ट, छंदोबद्ध वाणी आणि भट्टी एकाच घरात नांदत होती. त्याचा मुलगा एगिल आइसलंडचा सर्वांत मोठा कवी मानला जातो. मी यातलं एक धरून बाकीचं सोडू शकत नाही, ते यामुळेच.

नॉर्स आणि व्हायकिंग म्हणजे एकच का?

नाही. नॉर्स म्हणजे जुनी स्कँडिनेव्हियन भाषा बोलणारा समाज: डेन्मार्क, नॉर्वे, स्वीडन, आइसलंड, फेरो बेटं. त्यातले जे जहाजं घेऊन लुटीला किंवा सफरीला जायचे ते व्हायकिंग. बहुतेक लोक घरी शेती करत, गुरं राखत, मासे धरत. व्हायकिंग युग साधारण ७९३ पासून धरतात, कारण त्या वर्षी इंग्लंडच्या किनाऱ्यावरच्या लिंडिसफार्न मठावर हल्ला झाला. शेवट १०६६ मध्ये, स्टॅमफर्ड ब्रिजच्या लढाईपाशी.

या कथा आपल्यापर्यंत पोचल्या कशा?

दोन हस्तलिखित परंपरांतून, आणि दोन्ही आइसलंडमधल्या. पहिली 'पद्य एडा', म्हणजे देवांच्या आणि वीरांच्या जुन्या कवितांचा संग्रह. तिचं मुख्य हस्तलिखित कोडेक्स रेगियस साधारण १२७० चं. चामड्याची ४५ पानं उरली आहेत, आठ पानं हरवली आहेत, आणि ती नेमकी ड्रॅगन मारणाऱ्या सिगुर्ड या वीराच्या कथेच्या मधली आहेत. १६४३ मध्ये हे हस्तलिखित एका आइसलंडी बिशपच्या हाती आलं, १६६२ मध्ये त्याने ते डेन्मार्कच्या राजाला भेट दिलं. २१ एप्रिल १९७१ रोजी डॅनिश नौदलाच्या जहाजाने ते आइसलंडला परत आणलं, तेव्हा रेक्याविकच्या बंदरावर लोकांची गर्दी उसळली होती. एका पोथीसाठी अख्खं गाव बंदरावर यावं, हे वाचून मला आजही भरून येतं.

दुसरी 'गद्य एडा', साधारण १२२० च्या सुमाराची, स्नोरी स्टुर्लुसनची. स्नोरी हा कवी, इतिहासकार आणि राजकारणी. १२४१ मध्ये त्याच्याच घरात त्याचा खून झाला.

एक गोष्ट विसरायची नाही. आइसलंडने इ.स. १००० च्या सुमारास ख्रिस्ती धर्म स्वीकारला होता. म्हणजे हे सगळं लिहिणारे ख्रिस्ती होते आणि आपल्या पणज्या-खापरपणज्यांच्या देवांविषयी लिहीत होते. त्यातलं जुनं किती आणि स्नोरीने नीटनेटकं करून मांडलेलं किती, यावर अभ्यासक अजून वाद घालतात. तरी त्याने लिहून ठेवलं नसतं तर आपल्या हाती फार थोडं उरलं असतं.

सुरुवात कोणत्या कथेने करावी?

थॉरचा हातोडा कसा घडला, या कथेने. ही कथा देवांची असली तरी घडते लोहारसाळीत.

देवांमधला कपटी लोकी याने खोडसाळपणे मेघगर्जनेचा देव थॉर याची बायको सिफ हिचे केस कापले. थॉर चिडला, तेव्हा लोकीने बुटक्या कारागिरांकडून सोन्याचे केस करून आणले. सोबत देवांचा राजा ओडिन याचा भाला आणि घडी घालून ठेवता येणारं जहाजही. मग ब्रोक नावाच्या बुटक्याशी त्याने पैज लावली: तुझ्या भावाला इतक्या तोडीच्या तीन वस्तू करता येणार नाहीत. पणाला काय? लोकीचं स्वतःचं डोकं.

ब्रोकचा भाऊ सिंद्री याने भट्टीत डुकराचं कातडं ठेवलं आणि ब्रोकला बजावलं, "मी बाहेर काढेपर्यंत भाता थांबवायचा नाही." सिंद्री बाहेर गेला आणि एक माशी येऊन ब्रोकच्या हाताला चावली. भाता थांबला नाही. सोन्याच्या आयाळीचा रानडुक्कर तयार झाला. दुसऱ्यांदा भट्टीत सोनं घातलं. माशी मानेला चावली, दुप्पट जोराने. भाता थांबला नाही. ओडिनचं कडं तयार झालं, ज्यातून दर नवव्या रात्री तसलीच आठ कडी गळतात. तिसऱ्यांदा लोखंड. माशी पापण्यांवर बसून चावली, रक्त डोळ्यांत उतरलं, समोरचं दिसेना. ब्रोकने क्षणभर हात सोडून माशी झटकली. तेवढ्यात भाता बसला. हातोडा तयार झाला, पण त्याचा दांडा आखूड राहिला.

भट्टीपाशी उभा राहिलेला माणूस ही कथा वेगळ्या कानांनी ऐकतो. वारा थांबला की कोळशाचा पिवळाधमक गाभा बघता बघता तांबडा पडतो आणि लोखंडाचा ताव उतरतो. भात्यावर बसलेल्याला काम सोडता येत नाही, हा लोहारसाळीचा पहिला नियम आहे. ही कथा रचणाऱ्याने किंवा त्याला ती सांगणाऱ्याने भाता ओढलेला असणार, असं मला मनापासून वाटतं. शिवाय तिन्ही वस्तूंचा क्रम बघा. कातडं आणि सोनं बिनबोभाट साधतं, अडचण येते ती लोखंडापाशी. आणि तरीही देव निवाडा करतात की सगळ्यांत मोलाची वस्तू तो आखूड दांड्याचा हातोडाच.

पैज हरल्यावर लोकी म्हणाला, "डोकं तुझं, पण मान तुझी नाही." मग ब्रोकने त्याचे ओठ दोऱ्याने शिवून टाकले. आता याचा पुढचा धागा. १९५० मध्ये डेन्मार्कमध्ये स्नाप्टुन इथल्या किनाऱ्यावर एक दगड सापडला, साधारण इ.स. १००० चा. भात्याला आगीची झळ लागू नये म्हणून भट्टी आणि भाता यांच्यामध्ये जो दगड बसवत, तसा. खाली भात्याच्या नळीसाठी भोक आहे आणि वर एक चेहरा कोरला आहे: वळलेल्या मिशा आणि ओठांवर शिवणीसारख्या रेघा. बहुतेक अभ्यासक तो लोकी मानतात. ज्याने माशी होऊन भाता थांबवायचा प्रयत्न केला, त्याचंच तोंड लोहाराने भात्याच्या वाऱ्यापुढे बसवलं.

कथांमधला सर्वांत मोठा लोहार कोण?

व्होलुंड. इंग्लंडमध्ये त्यालाच वेलंड म्हणतात. राजा निडुड त्याला झोपेत पकडतो, पळून जाऊ नये म्हणून त्याच्या पायांच्या शिरा तोडतो आणि एका बेटावर दागिने घडवायला बसवतो. व्होलुंड सूड घेतो तो भयंकर आहे. राजाच्या मुलांना मारून त्यांच्या कवट्यांना चांदी मढवून तो राजालाच प्याले पाठवतो, राजकन्येवर अत्याचार करतो आणि उडून जातो. ही कथा मी मुलांना सांगत नाही. पण ज्याच्या कौशल्याची राज्याला गरज असते त्या माणसाला राज्य कसं वागवतं, हे तिच्याइतकं उघडं करून सांगणारी दुसरी कथा मला माहीत नाही.

देवमाशाच्या हाडाची, आठव्या शतकातली एक इंग्लिश पेटी आहे, फ्रँक्स कास्केट. तिच्या दर्शनी बाजूवर अर्ध्या भागात व्होलुंड ऐरणीपाशी आहे, सांडशीत मुंडकं धरलेलं; आणि उरलेल्या अर्ध्यात बाळ येशूला भेटायला आलेले तीन ज्ञानी पुरुष. दोन्ही कथा एकाच हाताने, एकाच पट्टीवर कोरलेल्या.

आणि सिगुर्ड?

सिगुर्डची कथा दारावर पाहावी. नॉर्वेतल्या हिलेस्टाडचं लाकडी चर्च सतराव्या शतकात पाडलं गेलं, पण त्याच्या दाराच्या दोन उभ्या कोरीव फळ्या वाचल्या. त्या साधारण बाराव्या शतकाच्या अखेरच्या. त्यावर रेगिन लोहार भट्टीत तलवार तापवतो आहे, मागे मदतनीस दोन भाते आळीपाळीने दाबतो आहे. दोन भाते असण्याचं कारण उघड आहे: एक भरत असताना दुसरा फुंकतो, वारा खंडत नाही. पुढे सिगुर्ड तलवार ऐरणीवर आपटून पाहतो, ड्रॅगनला मारतो, त्याचं काळीज भाजताना भाजलेलं बोट तोंडात घालतो. आणि शेवटी सिगुर्डचा मेहुणा गुन्नार, हात बांधून सापांच्या खड्ड्यात टाकलेला, पायांच्या बोटांनी हार्प वाजवतो आहे. एका दारात कथा आली, भट्टी आली आणि वाद्यही आलं.

व्हायकिंगांच्या शिरस्त्राणांना शिंगं होती ना?

नव्हती. ती प्रतिमा पक्की झाली १८७६ मध्ये, जर्मनीत बायरॉइटला झालेल्या वाग्नरच्या ऑपेराच्या पोशाखांमुळे. डेन्मार्कमध्ये व्हेक्सो इथे शिंगांची शिरस्त्राणं सापडली आहेत खरी, पण ती कांस्ययुगातली, व्हायकिंगांच्या दीड हजारांहून अधिक वर्षं आधीची. व्हायकिंग काळाचं जे चांगलं शिरस्त्राण हाती आहे, नॉर्वेत ग्येर्मुंडबू इथे १९४३ मध्ये सापडलेलं, त्याला डोळ्यांभोवती चष्म्यासारखी पट्टी आहे. शिंगं नाहीत.

त्या काळचं संगीत कसं होतं?

चाली आपल्याकडे आलेल्या नाहीत. वाद्यं आली आहेत, तीही तुकड्यांत.

नॉर्वेतल्या ओसेबर्ग इथे ८३४ मध्ये दोन स्त्रियांना जहाजासकट पुरलं होतं. १९०४ मध्ये ते उत्खनन झालं, त्यात सुमारे मीटरभर लांबीचं लाकडी शिंग मिळालं. यॉर्कमध्ये दहाव्या शतकातली लाकडी पावरी मिळाली, तिच्यावर अजून पाच स्वर वाजतात. स्वीडनच्या गोटलंड बेटावर ब्रोआ इथे लायर या तंतुवाद्याची घोडी, म्हणजे तारा जिच्यावर टेकतात ती पट्टी, मिळाली; ती अंबरची, झाडाच्या दगड झालेल्या डिंकाची आहे. अख्खी लायर पाहायची तर थोडं दक्षिणेला आणि मागे जावं लागतं: जर्मनीत ट्रॉसिंगेन इथे, ५८० च्या सुमाराच्या कबरीत, योद्ध्याच्या हातात दिलेली सहा तारांची लायर मिळाली. तिच्यावर सशस्त्र योद्ध्यांच्या रांगा कोरल्या आहेत आणि हात लागून लागून ती जागोजाग झिजली आहे. ती वाजवलेली लायर आहे, शोभेची नाही.

गाण्याविषयी एकच समकालीन साक्ष नेहमी सांगितली जाते. दहाव्या शतकात स्पेनहून आलेला अत-तर्तुशी हा प्रवासी डेन्मार्कच्या सीमेवरच्या हेडबी या बाजारपेठेत गेला होता. तिथल्या लोकांचं गाणं त्याला कुत्र्यांच्या गुरगुरण्याहून वाईट वाटलं. मी या साक्षीला फार वजन देत नाही. अंदलुसियाच्या सुरांवर वाढलेल्या कानाला खर्जातलं, घशातून येणारं समूहगान रुचलं नाही, एवढंच त्यातून कळतं. पण आवाज खर्जातला होता हा धागा उपयोगाचा आहे.

लिहिलेली पहिली लौकिक चाल मिळते १३०० च्या सुमारास. स्कोने या (आज दक्षिण स्वीडनमधल्या) प्रांताचा कायदा रुन या जुन्या उत्तरी लिपीत लिहिलेली एक पोथी आहे, कोडेक्स रुनिकुस. तिच्या शेवटच्या पानावर, कायद्याची कलमं संपल्यावर, कुणीतरी रात्री पडलेल्या स्वप्नाविषयीच्या गाण्याच्या दोन ओळी स्वरलिपीसह लिहून ठेवल्या आहेत. ही चाल पुढे डेन्मार्कच्या आकाशवाणीची ओळखधून झाली.

वार्द्रुनासारखे आजचे गट वाजवतात ते खरं व्हायकिंग संगीत आहे का?

ते नवं संगीत आहे, जुन्या वाद्यांच्या आणि जुन्या कवितेच्या आधाराने रचलेलं. आयनार सेल्विक यांनी २००३ च्या सुमारास नॉर्वेत सुरू केलेला हा गट स्वतःही याहून वेगळा दावा करत नाही. मला ते संगीत अतिशय आवडतं.

त्यात घोड्याच्या केसांच्या तारांचं, गजाने वाजणारं जे खरखरीत वाद्य ऐकू येतं ते टागेलहार्पा. गजाची लायर स्कँडिनेव्हियात दिसते ती मध्ययुगात, उदाहरणार्थ ट्रॉन्डहाइमच्या कॅथिड्रलमधल्या चौदाव्या शतकातल्या शिल्पात. व्हायकिंग काळात ती असल्याचा पुरावा नाही. म्हणून मी तिला मध्ययुगीन वाद्य म्हणतो.

आपल्याकडच्या श्रोत्यांनी नॉर्वेचं हार्डांगर फिडल जरूर ऐकावं. ते सतराव्या शतकातलं, म्हणजे आपल्या विषयाच्या मानाने नवंच. पण त्यात वाजवायच्या चार तारांखाली चार-पाच तरफेच्या, म्हणजे न छेडता आपोआप घुमणाऱ्या तारा असतात. सारंगी ऐकलेल्या माणसाला त्यातली आस लगेच ओळखू येते.

जुनी कथा अजून कुठे गायली जाते का?

फेरो बेटांवर. माझ्या मते या सगळ्या विषयातली ही सर्वांत मोलाची गोष्ट आहे.

सिगुर्डची कथा तिथे शेकडो कडव्यांच्या पोवाड्यासारख्या गाण्यात टिकली आहे. तिचा पहिला भाग थेट लोहाराच्या नावाचा आहे: 'रेगिन स्मिदुर', रेगिन लोहार. वाद्य एकही नसतं. माणसं हात धरून साखळी करतात, दोन पावलं डावीकडे, एक उजवीकडे, असं फिरत राहतात. एकजण कडवं उचलतो, बाकीचे धृपदाला साथ देतात. ताल लाकडी जमिनीवर पडणाऱ्या पावलांचा. १८२२ मध्ये हे पहिल्यांदा छापलं गेलं. त्याआधीची शतकं ते केवळ पाठांतरावर होतं. बापाच्या मोडक्या तलवारीचे तुकडे आई मुलाकडे देते, मुलगा ते रेगिनकडे नेतो, आणि ते पुन्हा जोडले जाताना शंभर माणसं एका पावलावर थिरकतात. पोथीत आठ पानं हरवलेली कथा तिथे पायांनी जपली आहे.

लोहारकामाचा आणि संगीताचा काही शास्त्रीय संबंध आहे का?

मध्ययुगीन युरोपचा तसा ठाम विश्वास होता. गोष्ट अशी: पायथागोरस लोहारसाळीवरून जात असता त्याला हातोड्यांच्या आवाजात सुसंवाद ऐकू आला. त्याने हातोडे तोलले, तर वजनं १२, ९, ८ आणि ६ या प्रमाणात. १२ ला ६ म्हणजे सप्तक, १२ ला ८ म्हणजे षड्ज-पंचम, १२ ला ९ म्हणजे षड्ज-मध्यम. सहाव्या शतकात बोएथियस या रोमन विद्वानाने ही गोष्ट आपल्या ग्रंथात घेतली आणि मग हजार वर्षं संगीत शिकणारा प्रत्येकजण ती शिकला.

प्रमाणं बरोबर आहेत, पण ती तारेच्या लांबीला लागू होतात. हातोड्याला नाही. दुप्पट वजनाचा हातोडा घेऊन ऐरणीवर मारा, खालचा षड्ज लागत नाही. कारण वाजते ती मुख्यतः ऐरण, आणि ती तीच असते. तारेला वजन टांगून ताण दिला तरी सप्तकासाठी चौपट वजन लागतं. सोळाव्या शतकात विन्चेन्झो गॅलिली यांनी, म्हणजे गॅलिलिओच्या वडिलांनी, हे दाखवून दिलं. पण इतकी शतकं कुणीही लोहाराला जाऊन विचारलं नाही, याचं मला नवल वाटतं.

ऐरण मात्र खरंच बोलते. चांगली पोलादी ऐरण खणखणते आणि हातोडा परत उसळवते. तडा गेलेली बद्द वाजते. दोघेजण आळीपाळीने घाव घालतात तेव्हा मुख्य लोहार छोट्या हातोड्याने जागा दाखवतो आणि घणकरी तिथेच मारतो. हा संवाद पूर्ण लयीवर चालतो.

इंग्लंडचा संत डन्स्टन, मृत्यू ९८८, हा कँटरबरीचा आर्चबिशप धातुकाम करायचा आणि हार्पही वाजवायचा. त्याची दंतकथा प्रसिद्ध आहे: भट्टीवर काम करताना सैतान आला, तेव्हा त्याने तापलेल्या सांडशीने त्याचं नाक पकडलं.

व्हायकिंग लोहारांना लोखंड कुठून मिळायचं?

दलदलीतून. लोहयुक्त पाणी दलदलीत झिरपतं, तिथले जिवाणू आणि हवा मिळून त्यातल्या लोहाचे तांबूस गोळे तयार होतात. ते काढून वाळवायचे, भाजायचे, मग मातीच्या उभ्या भट्टीत लाकडी कोळशाबरोबर थरावर थर घालून भात्याने वारा द्यायचा. भट्टीत साधारण १२०० अंश सेल्सिअसचा ताव येतो. लोखंड वितळायला १५३८ अंश लागतात, म्हणजे ते वितळत नाहीच. कीट वितळून वाहून जातं आणि मागे स्पंजासारखा लोखंडी गोळा राहतो. तो गरम असतानाच ठोकून ठोकून आतलं कीट पिळून काढावं लागतं.

हीच पद्धत जगात अनेक ठिकाणी होती. नागपूर जिल्ह्यात नायकुंड इथे महापाषाणयुगीन लोकांची लोखंड गाळायची भट्टी उत्खननात मिळाली आहे, व्हायकिंगांच्या कितीतरी आधीची.

त्या लोहारांची अवजारं कशी होती?

आजच्यासारखीच. १९३६ मध्ये गोटलंड बेटावर मेस्टरमिर इथे, निचरा केलेल्या दलदलीत नांगरताना, ओक लाकडाची सुमारे ९० सेंटीमीटर लांबीची पेटी फाळाला लागली. आत आणि आसपास मिळून दोनशेहून जास्त वस्तू: हातोडे, सांडशा, ऐरणी, कानशी, करवती, तागडी, कुलपं, घंटा. खिळा घडवायची भोकाची पट्टीसुद्धा आहे. ही पेटी कुणाची, दलदलीत कशी गेली, कुणालाच सांगता येत नाही. पण त्यातला हातोडा आज आपल्याकडच्या कोणत्याही लोहाराच्या हाती द्या, तो लगेच कामाला लागेल.

उल्फबेर्ट तलवारींचं पोलाद भारतातून गेलं होतं का?

हा प्रश्न अभिमानाने विचारला जातो, म्हणून जपून उत्तर देतो. पात्यावर 'उल्फबेर्ट' असं नाव असलेल्या सुमारे १७० तलवारी मिळाल्या आहेत, नवव्या ते अकराव्या शतकातल्या. मूळ घडण बहुधा ऱ्हाइन नदीच्या परिसरातली. आजच्या फ्रान्स-जर्मनीतल्या फ्रँक राजांनी उत्तरेकडच्यांना शस्त्रं विकायला वारंवार बंदी घातली. ८६४ मध्ये तर त्यासाठी देहदंड ठरवला. तरी तलवारी गेल्याच.

यातल्या काहींच्या पोलादात कार्बन इतका जास्त आणि कीट इतकं कमी आहे की ते मुशीत वितळवलेलं पोलाद असावं असं काही संशोधकांचं मत आहे. तसं पोलाद तेव्हा मध्य आशियात, इराणात आणि दक्षिण भारतात होत असे, आणि व्होल्गा नदीच्या मार्गाने पूर्वेचा व्यापार स्वीडनपर्यंत चालू होता. शक्यता आहे, भारताचं नाव घेण्याइतका पुरावा नाही. भारतीय उपखंडातून गेलेली वस्तूच पाहायची तर ती वेगळी आहे: स्वीडनच्या हेल्गो बेटावर १९५६ मध्ये मिळालेली छोटी कांस्य बुद्धमूर्ती, साधारण सहाव्या शतकातली, उपखंडाच्या वायव्य भागातली. तिच्यापुढे मला कुठल्याही दाव्याची गरज वाटत नाही.

मला लोहारकाम शिकायचं आहे. सुरुवात कशी करू?

आधी जवळच्या लोहाराकडे जा. महाराष्ट्रात अजून तालुक्याच्या बाजारात, ऊसतोडीच्या आधी कोयते आणि पेरणीच्या आधी अवजारं पाजवणारे लोहार आणि घिसाडी आहेत. विचारा, "काका, बसून बघू का?" बघायला कुणी नाही म्हणत नाही. त्यांच्या वेळेचे पैसे द्या आणि भाता किंवा पंखा चालवायचं काम मागून घ्या. ताव ओळखायला डोळा तिथेच शिकतो: मंद तांबडा म्हणजे साधारण ७०० अंश, नारंगी ९०० च्या पुढे, पिवळा ११०० च्या आसपास, पांढरा होऊन ठिणग्या उडू लागल्या की लोखंड जळायला लागलं.

पहिली वस्तू आकडा. दहा मिलिमीटरची चौकोनी सळई घ्या, टोक नारंगी-पिवळं होईपर्यंत तापवा, ऐरणीच्या कडेवर तिरकं धरून मारा आणि प्रत्येक घावाला सळई पाव फेरा फिरवा. टोक आधी चौकोनीच निमुळतं करायचं, मग चार कोपरे मोडून अष्टकोनी, सगळ्यात शेवटी गोल. घाई करून सुरुवातीलाच गोल करायला गेलात तर टोकाच्या आत पोकळी पडते आणि ते चिरतं. ताव उतरला, लोखंड काळसर तांबडं दिसू लागलं, की थांबा आणि परत भट्टीत घाला. थंड लोखंडावरचा घाव हाताला लागतो, लोखंडाला नाही. शेवटी ब्रशने काळी खपली झाडा आणि कोमट असताना मेण किंवा जवसाचं तेल चोळा. लगेच गंज धरत नाही.

सुरक्षेचं थोडक्यात: डोळ्यांना चष्मा, अंगात सुती कपडे, पायात बंद बूट, आणि भट्टी नेहमी मोकळ्या हवेत. जस्ताचा मुलामा असलेलं लोखंड कधीही तापवू नका. त्याच्या धुराने ताप भरतो. आणि काळं दिसणारं लोखंड गार असेलच असं नाही, म्हणून जमिनीवरचा तुकडा उचलण्याआधी न शिवता, थोडा वर हात धरून धग बघा.

तलवार करून द्याल का?

नाही. शस्त्र अधिनियम १९५९ आणि शस्त्र नियम २०१६ यांनुसार तलवारी, खंजीर आणि ९ इंचांपेक्षा लांब किंवा २ इंचांपेक्षा रुंद पात्याची शस्त्रं नियंत्रणाखाली येतात. घरगुती आणि शेतीच्या अवजारांना सूट आहे. शिवाय सुरी, अडकित्ता, विळी, दाराची कडी यांत शिकण्यासारखं इतकं आहे की तलवारीवाचून काही अडत नाही. सुरीला पाणी देताना पोलाद चुंबकाला चिकटेनासं होईपर्यंत तापवून तेलात बुडवायचं, मग मंद आचेवर पातं गवती पिवळं दिसेपर्यंत परत तापवायचं. ती पिवळी छटा, साधारण २२०-२३० अंशांची, पात्यावर सरकत जाताना पाहणं हे मला या कामातलं सगळ्यात मोठं सुख वाटतं.

रुन अक्षरांचा टॅटू काढू का?

आधी चौकशी करा. २४ अक्षरांची जुनी रुनमाला व्हायकिंग युगाच्या आधीची, व्हायकिंगांची स्वतःची १६ अक्षरांची. 'व्हायकिंगांचं होकायंत्र' म्हणून विकलं जाणारं वेगविसिर चिन्ह १८६० मधल्या आइसलंडी हस्तलिखितातलं आहे. काही रुनचिन्हं नाझींनी आपल्या गणवेशावर वापरली आणि आजही वंशद्वेषी गट वापरतात; त्यांच्या एस.एस. या दलाची दुहेरी वीजरेघ तर १९०८ मध्ये गुइडो फॉन लिस्ट या ऑस्ट्रियन गूढवाद्याने रचलेल्या रुनमालेतून घेतलेली आहे. ज्यांनी या कथा द्वेषासाठी पळवल्या त्यांच्या हाती त्या सोडून देऊ नयेत, म्हणूनच नीट माहिती घेऊन बोलणं मला महत्त्वाचं वाटतं.

आपल्या कथा सोडून परक्यांच्या देवांचं वेड कशाला?

आपल्या कथा मी सोडलेल्या नाहीत. कीर्तन ऐकत वाढलेल्या माणसाला कथा, सूर आणि ताल एकत्र येतात हे कुणी शिकवावं लागत नाही, त्यामुळे फेरोच्या साखळीनृत्याशी माझी ओळख सहज झाली. उत्तरेकडच्या कथांमध्ये मला जे वेगळं मिळतं ते असं की त्यांच्या देवांना शेवट ठाऊक आहे. राग्नारोकमध्ये, म्हणजे देवांच्या शेवटच्या लढाईत, आपण मरणार हे ओडिनला माहीत आहे, तरी तो तयारी करतो.

हे सगळं प्रत्यक्ष कुठे पाहता येईल?

मेस्टरमिरची पेटी आणि हेल्गोचा बुद्ध स्टॉकहोमच्या इतिहास संग्रहालयात आहेत. हिलेस्टाडच्या फळ्या ऑस्लोत, स्नाप्टुनचा दगड डेन्मार्कमध्ये ऑर्हुसजवळच्या मोएसगार्ड संग्रहालयात, कोडेक्स रेगियस रेक्याविकला आर्नी माग्नुसन संस्थेकडे. लंडनला राहणाऱ्या मराठी मंडळींना तर लांब जायलाच नको: फ्रँक्स कास्केट आणि सटन हू इथल्या जुन्या इंग्लिश जहाज-दफनातल्या लायरचे अवशेष ब्रिटिश म्युझियममध्ये आहेत आणि कायमच्या दालनांना प्रवेशशुल्क नाही. शनिवार-रविवार टाळून सकाळी उघडताच जा. पेटीची दर्शनी बाजू शोधा, डाव्या अर्ध्यात व्होलुंड दिसेल. आणि वाकून सांडशीची पकड कशी कोरली आहे ते जवळून बघा.